कायद्याने पुसलेला डाग आणि समाजाने जपलेला डाग

(वरवट बकाल येथे भरलेल्या आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनातील व्याख्यानाचा मजकूर)



संमेलनात विद्यार्थ्यांचा सत्कार होतो, वधुवरांचा परिचय होतो, शिष्यवृत्त्यांची घोषणा होते. अशा मंगल प्रसंगी पोलीस, कोर्ट आणि शिक्षा यांची भाषा कोणाला रुचणार? तरीही चालकांनी हा विषय माझ्याकडे सोपविला, याला कारण आहे. आपल्या वधुवर परिचय पुस्तिकेत आणि शिष्यवृत्तीच्या अर्जात एक नवा रकाना असावा, अशी सूचना कार्यकारी मंडळापुढे आलेली आहे. "उमेदवारावर किंवा त्याच्या घरातील कोणावर फौजदारी खटला झाला होता काय?" असा तो रकाना. सूचना करणाऱ्यांचा हेतू शुद्ध आहे, याविषयी मला शंका नाही. परंतु एका ओळीच्या या रकान्यात किती घरांचे भवितव्य अडकणार आहे, याचा विचार आपण निर्णयापूर्वी करावा, एवढ्यासाठी मी येथे उभा आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. आपण बहुतेक शेतीवर जगणारी माणसे. आपल्या घरांत फौजदारी खटला शिरतो तो दरोड्याच्या वाटेने नव्हे. तो शिरतो धुऱ्याच्या भांडणातून, पांदणीच्या रस्त्यावरून, विहिरीच्या पाण्यावरून, लग्नाच्या वरातीतील बाचाबाचीतून, कधी एखाद्या रास्ता रोकोतून. दोन भाऊबंद हमरीतुमरीवर येतात, कोणाच्या तरी हातात काठी असते, आणि फिर्यादीत मात्र घरातील चारही पुरुषांची नावे पडतात. त्यांतच बारावीत शिकणारा मुलगा असतो. भांडण पुढे मिटते, भाऊबंद एका पंगतीला बसू लागतात. आठ वर्षांनी तो मुलगा पोलीसभरतीत उतरतो, धावण्यात आणि लेखी परीक्षेत उत्तीर्ण होतो, आणि चारित्र्य पडताळणीच्या वेळी ते जुने भांडण पुन्हा त्याच्यापुढे उभे राहते. मग बाप वकिलाकडे येऊन विचारतो, "साहेब, हे नाव कोर्टातून काढून टाकता येईल काय?"

या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे द्यावयाचे तर ते असे, की झालेली शिक्षा काही वर्षांनी आपोआप पुसली जावी असा सर्वसाधारण कायदा आपल्या देशात नाही. इंग्लंडने १९७४ साली तसा कायदा केला. तेथे ठराविक मुदतीपर्यंतची शिक्षा भोगलेला मनुष्य पुढे ठराविक वर्षे सरळ वागला, तर काही अपवाद सोडून त्याची ती शिक्षा 'संपलेली' समजली जाते. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्याने २०१८ साली किरकोळ गुन्ह्यांच्या जुन्या नोंदी आपोआप झाकून टाकण्याची योजना कायद्यात आणली. आपल्याकडे असा एकच राजमार्ग नाही. तथापि पाऊलवाटा आहेत, आणि त्या ठाऊक नसल्यामुळे पुष्कळ मुलांचे नुकसान होते. म्हणून त्या क्रमाने सांगतो.

पहिली आणि सर्वांत मोठी वाट बालकांची. गुन्ह्याच्या तारखेला ज्याचे वय १८ वर्षांहून कमी होते, त्याच्यासाठी २०१५ चा बाल न्याय कायदा आहे. या कायद्याच्या मूलतत्त्वांतच 'नवी सुरुवात' हे तत्त्व घातलेले आहे. विशेष परिस्थिती वगळता बालकाच्या पूर्वीच्या सर्व नोंदी पुसल्या जाव्यात, असे ते सांगते. कलम २४ प्रमाणे अशा बालकाला दोषसिद्धीमुळे येणारी कोणतीही अपात्रता लागत नाही, आणि अपिलाची किंवा नियमांनी ठरविलेली मुदत संपल्यावर त्या नोंदी नष्ट कराव्यात असा आदेश बाल न्याय मंडळाने द्यावयाचा असतो. कलम ७४ तर पोलिसांना स्पष्ट बजावते, की प्रकरण निकालात निघाल्यावर चारित्र्याच्या दाखल्यासाठीसुद्धा बालकाची नोंद उघड करू नये. याला अपवाद एकच: वयाची १६ वर्षे पूर्ण झालेल्या मुलाने अत्यंत घोर गुन्हा केला, आणि बाल न्यायालयाने त्याला प्रौढाप्रमाणे चालवून दोषी ठरविले, तर हे संरक्षण मिळत नाही.

येथे एक गोष्ट आवर्जून ध्यानात घ्यावी. वय पाहावयाचे ते गुन्ह्याच्या दिवसाचे; अटकेच्या किंवा निकालाच्या दिवसाचे नव्हे. आणि आपण त्या वेळी बालक होतो ही हरकत कोणत्याही न्यायालयात, कोणत्याही टप्प्यावर, अंतिम निकालानंतरही घेता येते. त्यासाठी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा मॅट्रिकचे प्रमाणपत्र हा मुख्य पुरावा होय. ज्या घरांत शाळेत नाव घालताना जन्मतारीख अंदाजाने सांगण्याची सवय आहे, त्या घरांनी या एका वाक्यावरून धडा घ्यावा. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलातील एका उमेदवाराचे प्रकरण गेले होते. अल्पवयात लागलेल्या आरोपावरून त्याची नोकरी अडली होती. बालपणीच्या गोष्टीचा कलंक मोठेपणी माणसाच्या मागे लागू नये, हाच कायद्याचा उद्देश असल्याचे सांगून न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला.

दुसरी वाट परिवीक्षेची. १९५८ चा अपराधी परिवीक्षा कायदा आज ६० वर्षांहून जुना झाला, तरी खेड्यापाड्यांत त्याचे नाव फारसे कोणी ऐकलेले नाही. पहिलाच अपराध असेल आणि तो फाशीच्या किंवा जन्मठेपेच्या शिक्षेस पात्र नसेल, तर न्यायालय आरोपीला तुरुंगात न धाडता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडू शकते. लहानसहान गुन्ह्यांत नुसती समज देऊनही सोडता येते. ज्याचे वय २१ वर्षांच्या आत आहे, त्याला जन्मठेपेस पात्र नसलेल्या गुन्ह्यात तुरुंगवास द्यावयाचा झाल्यास न्यायाधीशांना त्याची कारणे लिहावी लागतात. याच कायद्याच्या १२ व्या कलमाने दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता दूर होते. मात्र याचा अर्थ दोषसिद्धीच नाहीशी होते असा कोणी घेऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये आणि पुन्हा १९९० मध्ये स्पष्ट केले आहे, की अपात्रता जाते, परंतु अपराध सिद्ध झाला ही गोष्ट राहते, आणि सरकारी नोकराच्या वर्तनाचा विचार त्याचे खाते करू शकते.

याच जागी एक इशारा देणे मी माझे कर्तव्य समजतो. किरकोळ खटल्यात तारखांना कंटाळून पुष्कळ तरुण गुन्हा कबूल करतात, शेपाचशे रुपये दंड भरतात, आणि सुटलो म्हणून घरी येतात. ते सुटलेले नसतात. ती दोषसिद्धी असते. दंडाची पावती हीच पुढे त्यांच्या नावावरची शिक्षा म्हणून दाखविली जाते. ज्या मुलाला पुढे नोकरीचा अर्ज करावयाचा आहे, त्याने कबुलीपूर्वी वकिलाला दोन प्रश्न अवश्य विचारावेत: "हा खटला लढविण्यासारखा आहे काय?" आणि "नसेल तर परिवीक्षेचा अर्ज देता येईल काय?" एका दिवसाची तारीख वाचविण्यासाठी आयुष्यभराचे उत्तर बिघडवू नये.

तिसरी वाट तडजोडीची. कायद्याने काही गुन्हे तडजोडीस योग्य ठरविले आहेत. अशा गुन्ह्यात फिर्यादीने राजीखुशीने तडजोड केली, तर तिचा परिणाम निर्दोष सुटकेसारखाच होतो. पूर्वी ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३२० व्या कलमात होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती ३५९ व्या कलमात आहे. जो गुन्हा तडजोडयोग्य नाही, परंतु भांडण मुळात घरगुती किंवा खाजगी स्वरूपाचे आहे, तेथे उच्च न्यायालय आपल्या अंगभूत अधिकारात फिर्याद रद्द करू शकते. आपल्या बुलढाणा जिल्ह्यासाठी ते न्यायालय म्हणजे नागपूरचे खंडपीठ. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने या अधिकाराची मर्यादाही आखून दिली: खून, बलात्कार, दरोडा यांसारखे गुन्हे हे समाजाविरुद्धचे गुन्हे होत, आणि दोन पक्ष समेट करून ते मिटवू शकत नाहीत.

चौथी गोष्ट नोंदींची. तपासात काहीच निष्पन्न झाले नाही, तर आपल्या राज्यात पोलीस न्यायालयाकडे 'समरी' अहवाल पाठवितात. फिर्याद खोटी निघाली तर 'बी', आणि गैरसमजुतीने किंवा दिवाणी वादातून दिली गेली असेल तर 'सी'. असा अहवाल मंजूर झाला असल्यास त्या आदेशाची नक्कल काढून ठेवावी. निर्दोष सुटका झाली असल्यास निकालाची प्रमाणित प्रत सातबाऱ्याच्या उताऱ्याइतकी जपावी. न्यायालयांची कागदपत्रे ठराविक मुदतीनंतर नष्ट होतात, पण पोलिसांच्या यंत्रातील नाव तसेच राहते. पंधरा वर्षांनी आरोप सापडतो आणि सुटका सापडत नाही, अशी विचित्र अवस्था ओढवते. हाताचे ठसे, छायाचित्र वगैरे घेतलेली मोजमापे मात्र, पूर्वी शिक्षा न झालेला मनुष्य निर्दोष सुटल्यास आणि सर्व अपिले संपल्यावर, नष्ट करावीत असे २०२२ चा ओळख पटविण्यासंबंधीचा कायदा सांगतो. न्यायालयाने कारण लिहून तसा हुकूम दिला तरच ती ठेवता येतात. अन्यथा त्या नोंदी ७५ वर्षे राहतात.

आता नोकरीच्या अर्जाविषयी. साक्षांकन नमुन्यात विचारलेले असते: अटक झाली होती काय, खटला चालला काय, निकाल काय लागला? अशा वेळी "नाही" लिहून टाकण्याचा सल्ला देणारे हितचिंतक गावोगाव भेटतात. त्यांच्यापासून दूर राहावे. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी या विषयाची सूत्रेच घालून दिली. माहिती खरी दिली पाहिजे, ती लपविणे हा स्वतंत्र दोष होय. परंतु कोवळ्या वयात घोषणा देणे किंवा तत्सम क्षुल्लक अपराध असेल, तर तो दुर्लक्षिण्याचा अधिकार मालकाला आहे. त्याआधी २०११ मध्ये दिल्लीच्या पोलीसभरतीतील एका तरुणाच्या प्रकरणात, तरुणपणीच्या अविवेकाबद्दल जन्मभर दोषी ठरवू नये, असे सांगताना न्यायालयाने फ्रेंच कादंबरीतील भाकरी चोरणाऱ्या जाँ व्हालजाँचे स्मरण केले होते. मात्र २०१३ साली त्याच न्यायालयाने हेही बजावले, की केवळ संशयाचा फायदा मिळून सुटलेल्या उमेदवाराची पोलीसदलासाठी योग्यता तपासण्याचा अधिकार खात्याला आहे. तात्पर्य, खरे सांगण्याने नोकरी मिळेलच अशी हमी नाही, परंतु खोटे सांगण्याने मिळालेली नोकरी जाण्याची भीती जन्मभर राहते.

येथवर कायद्याचा विचार झाला. आता मी ज्या मुद्द्यासाठी उभा राहिलो, त्याकडे येतो. कायदा एखादी नोंद पुसतो, तेव्हा समाज ती पुसतो काय?

याचे सर्वांत मोठे आणि सर्वांत दुःखद उदाहरण आपल्याच भूमीत आहे. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ आणि १९२४ साली तो विस्तारला आणि कडक झाला. एका व्यक्तीने काय केले हे न पाहता संपूर्ण जमातीच्या जमाती गुन्हेगार म्हणून जाहीर झाल्या. पोलीस पाटलाकडे हजेरी, गाव सोडण्यास परवाना, कित्येकांना तारेच्या कुंपणातील वसाहत. पाळण्यातील मूलसुद्धा जन्मतःच नोंदवहीत गेले. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला, त्या वेळी आपला बुलढाणा जिल्हा मध्य प्रदेश राज्यात होता. लेखणीच्या एका फटकाऱ्याने लक्षावधी माणसांचा 'गुन्हा' पुसला गेला. जगाच्या इतिहासात एवढी मोठी नोंद क्वचितच कोणत्या राष्ट्राने पुसली असेल. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत बेरड, रामोशी, कैकाडी, वडार, कंजारभाट, बंजारा अशा १४ जाती आहेत. 'विमुक्त' म्हणजे त्या नोंदीतून मुक्त झालेले.

परंतु खरोखर मुक्त झाले काय? गावात चोरी झाली की पहिला संशय कोणाच्या पालावर जातो, हे या सभेत कोणाला ठाऊक नाही? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, म्हणजे कायदा रद्द झाल्यानंतर ७२ वर्षांनी, एका पत्रकार भगिनीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला, की तुरुंगात जातीवरून कामे वाटू नयेत, विमुक्तांना सराईत गुन्हेगार मानू नये, आणि कैद्यांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकावा. त्याच वर्षी मे महिन्यात पोलिसांच्या गुन्हेगार-पत्रिकांविषयी बोलताना न्यायालयाने सर्व राज्यांना सांगितले, की मागास समाजातील निरपराध माणसांची नावे यांत्रिकपणे त्यांत घालू नयेत.

बंधुभगिनींनो, जरा विचार करा. देशाचे सर्वोच्च न्यायालय तुरुंगाच्या नोंदवहीतून जातीचा रकाना काढावयास सांगते, आणि आम्ही जातीच्या नोंदवहीत तुरुंगाचा रकाना घालावयास निघालो आहोत! त्या रकान्याचे शब्द पुन्हा वाचा: "त्याच्या घरातील कोणावर". चुलत्याच्या भांडणाबद्दल पुतणीची शिष्यवृत्ती, आजोबांच्या खटल्याबद्दल नातीचे लग्न! व्यक्तीचा अपराध कुळाला चिकटविणे हेच १८७१ च्या कायद्याचे मूळ पाप होते. ते पाप परकीय सरकारने केले तर आपण त्याला अन्याय म्हणतो. तेच छापील पुस्तिकेतून, आपल्याच मुलांविरुद्ध, आपणच करावयाचे काय? न्यायालयाने नष्ट करावयास सांगितलेली बालकाची नोंद आपल्या पुस्तिकेत छापली गेली, तर ती कोणत्या आदेशाने नष्ट होणार? कोर्टाच्या कागदाला मुदत असते, आपल्या स्मरणिका मात्र घराघरांतील पेट्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहतात.

यावर मला विचारले जाईल, "मग मुलगी देणाऱ्याने फसावे काय?" प्रश्न रास्त आहे. विवाह ठरविताना सत्य सांगितलेच पाहिजे, आणि स्त्रीवरील अत्याचाराचा किंवा हुंड्याच्या छळाचा खटला लपविणे ही प्रतारणाच होय. परंतु दोन घरांनी समोरासमोर बसून विचारणे आणि सांगणे वेगळे, आणि संस्थेने शेकडो घरांपुढे ते छापणे वेगळे. पहिल्यात विश्वास आहे, दुसऱ्यात धिंड आहे.

आणखी एक प्रश्न याहूनही महत्त्वाचा: ज्याच्यावर अन्याय झाला त्याचे काय? अपराध्याला नवी सुरुवात मिळावी म्हणून पीडिताने गप्प बसावे, असे मी मुळीच म्हणत नाही. माझे म्हणणे उलट आहे. समेटाच्या नावाखाली ज्ञातीचे वजन टाकून फिर्याद मागे घ्यावयास लावणे, विशेषतः ज्याच्याविरुद्ध गुन्हा घडला तो गरीब, दलित किंवा आदिवासी असेल तेव्हा त्याच्या दारी चार प्रतिष्ठित माणसे धाडणे, हे परिमार्जन नव्हे, तो दुसरा अपराध होय. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांना प्रतिबंध करणाऱ्या १९८९ च्या कायद्यात नंतर घातलेले १५-अ कलम पीडितांना आणि साक्षीदारांना अशा दडपणापासून संरक्षण देते, आणि ते योग्यच आहे. डाग धुवावयाचा तर तो पश्चात्तापाच्या, भरपाईच्या आणि सरळ वागणुकीच्या पाण्याने. दुसऱ्याच्या अश्रूंनी तो धुतला जात नाही.

सरळ वागणुकीची संधी दिली तर काय होते, याचाही दाखला महाराष्ट्रातच आहे. १९३९ साली औंध संस्थानात, आजच्या सांगली जिल्ह्यातील आटपाडीजवळ, स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. कल्पना मॉरिस फ्रीडमन यांची, आणि तिला आश्रय औंधचे राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधी यांचा. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी तेथे भिंतीवाचून राहिले, कुटुंबासह राहिले आणि शेती करू लागले. व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' हा बोलपट काढला, त्यामागे याच प्रयोगाची प्रेरणा होती. एक लहानसे संस्थान शिक्षा झालेल्या माणसावर एवढा विश्वास टाकू शकले. आपण तर आपल्याच अंगाखांद्यावर वाढलेल्या मुलांविषयी बोलत आहोत.

म्हणून माझ्या कार्यकारी मंडळाला तीन विनंत्या आहेत. पहिली, तो रकाना पुस्तिकेत नको आणि शिष्यवृत्तीच्या अर्जातही नको. विद्यार्थ्याचे गुण आणि घरची गरज एवढेच पाहावे. दुसरी, आपल्या समाजातील वकील मंडळींनी वर्षातून एक दिवस या गावी बसून पहिल्याच खटल्यात सापडलेल्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना विनामूल्य सल्ला द्यावा. ज्यांना वकील परवडत नाही त्यांना विधी सेवा प्राधिकरणाचा रस्ता दाखवावा. तिसरी, शिक्षा भोगून जो परत येतो, त्याला पंगतीत पाट मिळावा आणि शेतात, दुकानात काम मिळावे. कामाशिवाय परतलेला माणूस जुन्या वाटेला लागतो आणि मग आपणच म्हणतो, "बघा, आम्ही म्हणतच होतो."

कायदेमंडळाने उद्या सर्वसाधारण परिमार्जनाचा कायदा केला तर त्याचे मी स्वागतच करीन. तो येईल तेव्हा येवो. आपल्या हातातील नोंदवही मात्र आपण आजच कोरी ठेवू शकतो. त्याला कोणत्याही न्यायालयाचा हुकूम लागत नाही. सूचना मांडणाऱ्या बंधूंनी ती स्वखुशीने परत घ्यावी, अशी हात जोडून प्रार्थना करतो.